पाच शब्द पाठ असलेली वस्ती

अमरावती जिल्ह्यातल्या अर्ध्या दंडांना मी स्वतः सुई टोचलेली आहे, आणि उरलेल्या अर्ध्यांना त्यांच्या आयांनी माझं नाव सांगून जेवू घातलेलं आहे. चौतीस वर्षं सरकारी नर्सबाई होते. लसीचा डबा घेऊन पायी फिरले, सायकलनं फिरले, बैलबंडीत बसले, कापसाच्या ट्रॅक्टरवर बसले, आणि एकदा भातकुलीच्या रस्त्यावर वरातीच्या घोड्यावर बसून वेळेत पोचले. नवरदेव बिचारा मागून पायी आला. हे शेवटचं कोणी खरं मानत नाही. मीही फार आग्रह धरत नाही. पण गुडघे खरे आहेत. जिना चढताना दोन्ही गुडघ्यांतून असा आवाज येतो, की खालच्या मजल्यावरच्या बाई विचारतात, पापड भाजायला घेतलेत का?

निवृत्त झाले तेव्हा ठरवलं होतं, आता पलंगावरून उठायचं ते फक्त कूलरमध्ये पाणी टाकायला. हा बेत सात महिने टिकला. मग अकोल्याहून एका डॉक्टर मॅडमचा फोन आला.

मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या. म्हातारपणी माणूस विसरत जातो, आधी चष्मा विसरतो, मग रस्ता, मग घरातली माणसं, त्या आजाराचा त्यांचा अभ्यास चालला होता. डिमेन्शिया. अभ्यासाची रीत सोपी होती. साठीच्या वरची माणसं यादीत घ्यायची, दरवर्षी त्यांची स्मरणशक्ती तपासायची, काहींच्या मेंदूचा फोटो काढायचा, आणि विसर कोणात कधी आणि कसा शिरतो ते बघत राहायचं. म्हणजे माणूस नुसता मिळून भागत नव्हतं, तो वर्षानुवर्षं टिकायला हवा होता.

"ताई, माणसं आहेत माझ्याकडे," मॅडम म्हणाल्या, "पण सगळी एकसारखी आहेत."

यादी पाहिली तर खरंच. निवृत्त मुख्याध्यापक, निवृत्त बँक मॅनेजर, निवृत्त इंजिनिअर. बोलवायची गरजच नाही, आपण होऊन येत, प्लास्टिकच्या फायलीत जन्मापासूनचे रिपोर्ट लावून. तपासणीत घड्याळाचं चित्र काढायला सांगतात. एका मुख्याध्यापकांनी घड्याळ काढलं, त्याला सेकंदकाटा काढला, खाली कंपनीचं नाव लिहिलं आणि वॉरंटी किती वर्षांची तेही लिहिलं.

"शाळेची पायरी न चढलेल्या, जन्मभर निंदण-वेचणी केलेल्या बाईला विसर पडायला लागला तर तो कसा दिसतो, हे आपल्याला माहीतच नाही," मॅडम म्हणाल्या. "या माणसांवरूनच सगळे निष्कर्ष काढले, तर उद्या निघणारं औषधही यांच्याच डोक्याच्या मापाचं निघेल."

मी म्हटलं, "मॅडम, काळजी सोडा. मी अख्खा तालुका तुमच्या दारात आणून बसवते."

असं बोलायची मला सवय आहे. वऱ्हाडात याला फोकनाड म्हणतात. लहानपणी वडील म्हणत, ही पोरगी एक वांगं आणायला गेली तर येताना वांग्याची वाडी पाहून आल्याचं सांगते. चौतीस वर्षांच्या नोकरीत या सवयीचा फार उपयोग झाला. रडणाऱ्या पोराला खरं सांगून सुई टोचता येत नाही.

गाव भातकुलीकडचं, खारपाण पट्ट्यातलं. नाव सांगणार नाही. कोणाचंच सांगणार नाही, तशी सही करून दिली आहे. तिथलं पाणी इतकं खारट, की चहा पिताना आपण बिनमसाल्याची आमटी पितोय असं वाटतं. मी शेतकरी कुणब्याच्या घरातली, पण गावात गेले की पहिला चहा नेहमी बौद्ध वस्तीत व्हायचा, कारण लसीकरणाला पोरं घेऊन आधी तिथल्या बाया यायच्या. त्यामुळे माझा अंदाज होता, की एका दुपारी वीस नावं घेऊन मी चारच्या बसनं परत येईन.

बुद्धविहाराच्या ओट्यावर बाया जमल्या. मी अभ्यासाचं सांगितलं. मागच्या रांगेतून एक म्हातारी उठली.

"तवा बी तुमीच आल्या होत्या न वो बाई, आपरेशनले? तवा पोट मांगलं. आता डोकं मांगून राहिल्या?"

सगळा ओटा हसला. मीही हसले, पण खाली बघून. कारण खरंच तेव्हा मीच होते. वरून आकडा यायचा, इतक्या बायांचं नसबंदीचं ऑपरेशन झालंच पाहिजे, आणि मी गोड बोलून त्यांना जीपमध्ये बसवायचे.

"अन् आमीच काहून?" दुसरी म्हणाली. "त्या शहरातल्या कॉलनीतल्या बाया नाई सापडल्या तुमाले?"

"त्या हायेत न यादीत. तुमी नाई म्हणून आली."

"कवा कवा आमची आठवण येते बाप्पा लोकाइले!"

एका दुपारचं काम पाच महिन्यांत झालं. संमतिपत्र अकरा पानांचं होतं आणि ते प्रत्येकीला शब्दन् शब्द वाचून दाखवायचा नियम होता. मी आयुष्यात एवढं सलग खरं कधी बोलले नव्हते. तिसऱ्या पानावर माझी जीभ वळवळायला लागायची. मेंदूच्या फोटोचं मशीन कसं असतं विचारलं तर म्हणावंसं वाटायचं, की त्यात झोपलं की मागच्या जन्माचं दिसतं. पण कागदावर लिहिलं होतं, 'मोठा आवाज येतो, त्रास झाल्यास थांबता येते.' तेवढंच सांगायचं.

पहिलं नाव आलं ते एका मावशीचं. सत्तरीच्या आसपास, उंच, काटक, कापूस वेचून बोटांची टोकं दगडी झालेली. इतर बाया अजून शंका काढत होत्या, तेव्हा ती पुढे येऊन बसली.

"माहं लिहा पयले," ती म्हणाली. "माह्या सासूले असंच झालं होतं. घरात बसून घर धुंडे. लोक म्हणत बुढी येडी झाली. मी बी म्हणत होती. आता मले समजलं पाह्यजे, माह्यावाल्या डोक्यात काय होऊन राहिलं ते."

तिच्या मागे तिची सून उभी होती. शिवणकाम करणारी, गळ्यात टेप तसाच.  सासूनं सही केली तेव्हा कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून तिनं एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

मावशी बसली म्हटल्यावर बाकीच्या बसल्या. सतरा जणी झाल्या.

आता ती तपासणी सांगते, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच झाला. मी पाच शब्द वाचून दाखवायचे: नारळ, घोंगडी, पूल, बगळा, लोखंड. ते बाईनं लगेच म्हणून दाखवायचे. मग मी दुसरं काहीबाही विचारायचं, वार कोणता, ऋतू कोणता, वीसमधून तीन गेले किती. पाच मिनिटांनी पुन्हा म्हणायचं, सांगा बरं मघाचे शब्द. किती आठवतात ते लिहायचं. एवढंच.

पहिल्या वर्षी मी विहाराच्या बाजूची खोली मागून घेतली. दार लावून एकेकीला आत बोलावलं. खिडकीला मात्र दार नव्हतं, नुसते गज होते, आणि गजांमागे अर्धी वस्ती उभी होती. आतली अडखळली की बाहेरून तीन आवाज यायचे, "बगळा! बगळा म्हण न वो!" मी साडी लावून खिडकी झाकली. तर पहिली बाई बाहेर गेल्याबरोबर सगळ्यांनी तिला घेरलं, काय विचारलं, काय विचारलं? ती घामानं भिजली होती. जन्मात पहिल्यांदा परीक्षेला बसलेली. 

मी दारातून ओरडले, "पास झाली!"

संमतिपत्रात कुठेही पास-नापास नव्हतं. तपासणीत पास होत नाही, नापासही होत नाही, फक्त लिहून ठेवतात. पण त्या बाईचा चेहरा असा उजळला, की मी पुढच्या सोळाजणींनाही तेच सांगितलं. मावशीला तिसरा आणि चौथा शब्द आठवला नव्हता. मी तिला म्हटलं, "मावशी, फर्स्ट क्लास!"

पुढचं वर्ष मी त्यांना टिकवण्यात घालवलं. टिकवणं म्हणजे काय, ते ऑफिसातल्या माणसाला कळत नाही. टिकवणं म्हणजे सात लग्नं, तीन बारशी, एक पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसाचा कार्यक्रम. दर महिन्याला जाऊन बीपी बघायचं. एकीचा फोन बंद पडला तर तिच्या नातसुनेचा नंबर धामणगावाहून शोधून काढायचा. वेचणीच्या दिवसांत दुपारी घरी कोणी नसतं म्हणून सकाळी सहाला पोचायचं, त्यासाठी पाचला उठायचं, आणि पोचल्यावर कळायचं की आज सगळ्या दुसऱ्याच शेतात गेल्या. खारट चहाचे मी जेवढे कप प्याले, त्यावर एखादं मिठागर सहज निघालं असतं. बसमध्ये उभ्यानं झोप लागायची. कंडक्टर ओळखीचा झाला होता, माझा स्टॉप आला की खांद्याला धरून उतरवून द्यायचा.

दुसऱ्या वर्षी त्याच पाच शब्दांची तपासणी झाली आणि माझी वस्ती अशी काही बोलली, की मी थक्क झाले. सतरापैकी सतराजणींना पाचही शब्द आठवले. मावशीला तर मी विचारायच्या आधीच आठवले होते.

मी कागदांचा गठ्ठा घेऊन अकोल्याला गेले. मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "तुमच्या मुख्याध्यापकांना सांगा, माझ्या बायांकडे शिकवणीला या." मॅडम कागद उलटत राहिल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ताई, हे फार वेगळं आहे," त्या म्हणाल्या. वरच्या समितीला, म्हणजे ज्यांच्या परवानगीनं हा अभ्यास चालत होता त्यांना, त्यांनी खास कळवलं. त्या दिवशी अकोल्याच्या स्टेशनावर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मीही बडनेऱ्यापर्यंत जमिनीला पाय न लावता आले. चौतीस वर्षांत माझ्या एका थापेलाही एवढा मान मिळाला नव्हता, आणि हे तर खरं होतं.

तिसऱ्या वर्षी अकोल्याहून शब्द बदलून आले.

मावशीच्या घरापासूनच सुरुवात केली. ती पलंगावर बसली होती. केस सुनेनं नुकतेच विंचरलेले. मी कागद काढला, चष्मा लावला, तोंड उघडलं. तोवर मावशी म्हणाली:

"नारळ, घोंगडी, पूल, बगळा, लोखंड."

"मावशी, थांबा. या साली वेगळे हायेत. मी म्हणते, मंग तुमी म्हणा." आणि मी नवे पाच शब्द वाचले.

"नारळ, घोंगडी, पूल, बगळा, लोखंड," मावशी म्हणाली. चाल लावून म्हणाली, शाळेतली पोरं पाढे म्हणतात तशी. मग माझ्याकडे बघून हसली. "चहा घेता का बाई?"

चहाचा रिकामा कप माझ्या हातातच होता. तिनंच दिला होता, दहा मिनिटांपूर्वी.

"आज जेवल्या का?" मी विचारलं. ती सुनेकडे बघायला लागली. मग भिंतीकडे. मग पुन्हा म्हणाली, "नारळ, घोंगडी..."

ही चाल कोणीतरी लावून दिलेली होती. मी उठून महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंकडे गेले. या निवृत्त अंगणवाडी सेविका, वस्तीतलं कुठलंही काम यांच्याशिवाय हलत नाही. हे शब्द घोकता का विचारलं, तर त्यांनी अभिमानानं सांगितलं.

"हाव न! दर रविवारी वंदना झाली का आमी पाची शब्द घेतो. एकीनं म्हणाचं, बाकीच्याईनं मांगून. एवढी पाली वंदना पाठ हाये आमाले, पाच शब्द काय जड हायेत? आमच्या वस्तीतलं कोनी नापास नाई झालं पाह्यजे, असं ठरवलं आमी मीटिंगीत."

"अहो, पण ते पाठ नाई कराचं होतं!"

"मंग परीक्षेले काय कराचं असते बाई?"

 ज्या घरांनी दोन पिढ्या उपाशी राहून पोरं शिकवली, कारकून केली, मास्तर केली, त्या घरांतल्या म्हाताऱ्यांना मी परीक्षा म्हटलं होतं. त्यांनी अभ्यास केला. दुसरं काय करतील?

परत मावशीच्या घरी आले. सून मशीनवर ब्लाऊज शिवत होती. मी म्हटलं, "तू तर शिकलेली हायेस. तुले तरी समजाले पाह्यजे होतं."

तिनं मशीन थांबवलं नाही. "मले समजत होतं."

"मंग?"

"रोज सकाळी केस विंचरता विंचरता म्हणून घेते मी. दुसरं सगळं सांडून जाते, तेवढं राह्यते." मग मशीन थांबलं. "नापास झाली तं तुमी यादीतून काढून टाकान न तिले? तुमी दर महिन्याले येता, बीपी पाह्यता, कशी हाये विचारता. दुसरं कोन येते आमच्या घरी तिले विचाराले? तिचा पोरगा बडनेऱ्याले रेल्वेच्या कामावर, तो बी रविवारीच दिसते."

म्हणजे गंमत बघा. नापास झाली तर काढतील म्हणून तिनं दोन वर्षं सासूला घोकवलं. आणि खरं तर विसर पडायला लागलेला माणूसच तर अभ्यासाला पाहिजे होता. पण हे आता अकोल्याला कळवलं, तर सतराजणींची दोन्ही वर्षं कचऱ्यात जाणार होती आणि समिती कदाचित वस्तीच काढून टाकणार होती. नाही कळवलं, तर मावशी कागदावर ठणठणीत राहणार होती, मुख्याध्यापकांपेक्षा हुशार, आणि तिच्या डोक्यात काय चाललंय ते तिला कधीच कोणी सांगणार नव्हतं. तेवढं एक तर तिनं मागितलं होतं.

दोन दिवस मी कोणाचा फोन घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. खरं सांगते, मूर्तिजापूर येईपर्यंत माझी थाप तयार झाली होती. कागद पावसात भिजले. आता जानेवारीत कुठला पाऊस? बरं, मग उंदरांनी खाल्ले. इतके तरबेज उंदीर, की फक्त दुसऱ्या पानावरचे आकडेच खाल्ले. चांगली रंगत होती. पण मला एकाएकी इतका थकवा आला, की ती थाप उचलून मॅडमच्या टेबलापर्यंत नेण्याचीसुद्धा ताकद उरली नाही. खरं हलकं असतं, एवढंच मला त्या दिवशी समजलं. गेले आणि बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. 'पास' म्हणाले होते तेही.

मॅडमनी गेल्या वर्षीचा गठ्ठा कपाटातून काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "मी समितीला कळवलं होतं, ताई. लोकांसमोर बोलले होते मी."

"मला माहीत आहे."

"दोन्ही वर्षी तेच शब्द ठेवले, ही माझी चूक. खिडकीला गज आहेत हे तुम्ही पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं, ही तुमची." त्यांनी दोन्ही हातांनी डोळे दाबले. त्यांच्याकडे बघून वाटलं, ही पोरगीही किती दिवसांत झोपली नसेल. "मला वाटलं होतं, या एकाच ठिकाणी माणसं टिकली आहेत."

"टिकली आहेतच ना मॅडम. जरा जास्तच टिकली."

त्या हसल्या नाहीत.

समितीचं उत्तर यायला तीन आठवडे लागले. वस्तीला ठेवता येईल, पण आधीची दोन्ही वर्षं रद्द. काय घडलं ते सगळ्यांना नीट समजावून सांगायचं, नव्यानं संमती घ्यायची, आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात. जिची इच्छा नाही तिला जाऊ द्यायचं.

ते समजावून सांगायचं काम अर्थातच माझं. पुन्हा तोच ओटा. मी उभी राहिले तशी अध्यक्षीणबाईंनी "जयभीम बाई" म्हणून पाणी दिलं. मी ते पाणी हातात धरूनच सगळं सांगितलं. ही परीक्षा नव्हती. पास मी आपल्या मनानं म्हटलं. तुमच्या अभ्यासात खोट नव्हती, माझ्या तोंडात होती.

कोणी हसलं नाही. मागच्या रांगेतली ती म्हातारी उठली.

"दोन साल गेले आमचे. कॉलनीवाल्याईचे बी रद्द केले का?"

"नाई."

"मंग आमचेच काहून?"

"कारण तुमाले खोटं मी सांगितलं होतं. त्याईले सांगितलं नव्हतं."

"बाई," अध्यक्षीणबाई म्हणाल्या, आवाज चढला नव्हता पण धार होती, "दर लग्नात, दर बारशात आमी चौथं शील म्हणतो, खोटं बोलनार नाई म्हणून. तुमी तठीच बसून राह्यता, आमच्या संगं हात जोडून. कानावर पडत नव्हतं काय?"

 जन्मभर ज्या तोंडाचं खाल्लं, ते तोंड मिटून उभी राहिले. एकेक बाई उठून जायला लागली. मागच्या रांगेतली म्हातारी सगळ्यांत आधी गेली. तिच्यामागे आणखी चौघी. त्यांनी नंतरही कधी सही केली नाही, आणि मीही पुन्हा मागितली नाही. एकदा जीपमध्ये बसवलं होतं, तेवढं पुरे. उरलेल्या बसून राहिल्या, पण सही लगेच करतो म्हणाल्या नाहीत. विचार करून सांगतो. मावशीची सून तर आलीच नव्हती.

एकेक करत अकराजणी आल्या. बारावं घर मावशीचं. तिथे मी तीनदा गेले. पहिल्यांदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा सून म्हणाली, "शिलाई हाये." तिसऱ्यांदा मी ओट्यावर बसले, गुडघे चोळत. ती बाहेर आली आणि दारात उभी राहिली.

"आता घेतलं तं काय लिहून जाईन?"

"जे आहे ते."

"म्हणजे सगळ्याईले समजन."

"नाव लिहीत नाही. नंबर असते. अकोल्याच्या मॅडमले समजन, मले समजन, तुले समजन."

"मले समजूनच हाये," ती म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं संपलं. मी उठायच्या बेतात होते. पण ती सासूला हाताला धरून घेऊन आली, आणि अकरा पानांचं संमतिपत्र तिनं स्वतः मावशीला वाचून दाखवलं. मी वाचलं होतं त्याच्यापेक्षा सावकाश. मधे मधे थांबून, "समजलं का माय?" विचारून. मावशी हो म्हणायची, कधी दुसरंच काही म्हणायची. नियमाप्रमाणे घरच्या माणसाची सही लागत होती. सुनेनं केली.

तपासणी त्याच घरात केली. या वेळी सून बाहेर ओट्यावर, दार अर्धं लोटलेलं. मी नवे पाच शब्द वाचले. मावशीनं दोन म्हटले. वार विचारला, ती म्हणाली बाजाराचा. बाजार त्या दिवशी नव्हता. ऋतू विचारला, तिनं दाराबाहेर पाहिलं आणि म्हणाली, "वेचनी संपली." ते बरोबर होतं. पाच मिनिटं झाली. मी विचारलं, "मावशी, मघाशी पाच शब्द सांगितले होते मी. कोणते आठवतात?"

तिनं माझ्या धुळीनं भरलेल्या पायांकडे पाहिलं. बाहेर बांगड्या वाजल्या. मला कळलं, सुनेनं तोंडावर पदर धरला असेल. एक शब्द बाहेरून आला असता, तर मी त्या क्षणी काय केलं असतं मला सांगता येत नाही. पण आला नाही.

"तुमी खूप दुरून आल्या," मावशी म्हणाली. शब्द एकही नाही.

मी रकान्यात शून्य लिहिलं. गोल नीट आला नाही म्हणून पुन्हा गिरवलं.

बाहेर आले तर सून ओट्याच्या कडेला बसली होती.

"एकही नाही आला," मी म्हटलं. आयुष्यात एवढं छोटं वाक्य मी क्वचितच बोलले असेन. "अकोल्याले नेऊन डोक्याचा फोटो काढावा लागेल. मॅडम स्वतः बसून सांगतील काय आहे ते. बरं होईल असं सांगणार नाहीत. मीही सांगत नाही."

"मी बी येईन संगं."

"यावंच लागन. ती मशीनच्या आवाजाले घाबरन."

"अन् तिले सांगान का? काय झालं ते?"

"तिनंच तं सांगाले लावलं होतं. पयल्या दिवशी."

सुनेनं मान हलवली. आतून मावशीनं कोणाला तरी हाक मारली, नाव दुसऱ्याच कोणाचं तरी होतं. सून "आली माय" म्हणून उठली. उंबऱ्यात थांबली.

"मंग आता पुढच्या साली कवा येता?"

"फेब्रुवारीतच. आजच्याच तारखेले."

"फेब्रुवारीत हरभरा सोंगनं असते. मी नसन घरी, अन् मी नसली तं थे कोनासंगं बोलत नाई. जानेवारीत या."

"जानेवारीत नियमात बसत नाही. बारा महिने पुरे व्हावे लागतात."

"तं तुमच्या मॅडमले सांगजा न, अठी हरभरा असते म्हणून."

मी डायरी काढली. फेब्रुवारी खोडलं, मग पुन्हा लिहिलं, आणि पुढे कंसात हरभरा. म्हटलं विचारते. पायात चपला सरकवताना गुडघ्यांनी आवाज केला. सतराचे बारा उरले होते, आणि बाराही पहिल्या वर्षात होते.